पुढची सीट

"आता नदी पार होईपर्यंत एक शब्द जरी बोललीस ना, तर पुढची सीट माझी!" नवऱ्याने मागून दम भरला.

"आणि नाही बोलले तर?"

"तर परत घरी जाईपर्यंत भांडी मी घासीन."

"सगळी? चुलीवर काळी झालेली पातेलीसुद्धा?"

"पातेलीसुद्धा!"

मागे बापाशेजारी बसलेली फटाकडी, म्हणजे त्यांची आठ वर्षांची लेक, टाळ्या पिटत ओरडली, "लागली पैज! आई हरणार, आई हरणार!"

गाडी चालवणाऱ्या सासऱ्यांशेजारी बसलेल्या सूनबाईने ओठ घट्ट मिटले. पुढची सीट म्हणजे तिचा जीव की प्राण. एरवी ती बसस्थानकाच्या घोषणाकक्षात बसायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. जगभराला गाड्या सांगायच्या आणि आपण मात्र खुर्ची सोडायची नाही, असा तो मामला. म्हणून सुट्टीत या उंच, चारही चाकांनी चिखल तुडवणाऱ्या गाडीत पुढे बसली, की तिला हर्ष आवरायचा नाही. आणि हर्ष झाला की तोंड सुरू. देवाने दिलेली ही सृष्टी नुसती बघून कसं भागेल? सांगायला नको?

"बाबा, डावीकडे खड्डा! बाबा, वेली लोंबतायत, जरा हळू! अगंबाई, केवढं हे वारूळ! उजवीकडून घ्या."

सासरे हसायचे आणि गाडी वळवायचे. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. घरच्या गाडीचं स्टिअरिंगचं चाकही त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नव्हतं, गाडी शिकलेल्या सूनबाईच्याही नाही. गेल्या सुट्टीत मात्र त्यांनी फर्मान काढलं होतं, की पुढे आपल्या शेजारी सूनबाईच बसेल. नवरा तेव्हापासून तंबूच्या वळकट्या आणि पाण्याचे कॅन यांच्यात चेपून बसत होता, आणि तेव्हापासूनच कुरकुरत होता.

"अगं, ज्यांनी भर पावसात घाटातून बस उतरवल्यात त्यांना तू खड्डे दाखवतेस? सूर्यापुढे काजवा! बाबा बिचारे भिडेखातर ऐकून घेतात."

हे शेवटचं मात्र तिला लागलं. खरंच कंटाळत असतील का बाबा? तिने ठरवलं, आता जीभ चावीन पण बोलणार नाही.

नवरा मघाशीच नदीत उतरून तळ बघून आला होता. मांडीपर्यंत भिजला होता आणि लढाई जिंकल्यासारखा हसत होता. "तळ पक्का आहे, बाबा. सरळ जायचं. ते झाड आडवं पडलंय ना, ते आलं की उजवीकडे. झाडाच्या बुंध्याशी डोह आहे, तेवढा टाळा."

पलीकडे ताडांची रांग होती, तिच्यामागे समुद्र गरजत होता. तंबू तिथेच ठोकायचे होते.

"म्हणजे सूनबाई काहीच बोलणार नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही!" मागून दोघं एका सुरात ओरडली.

"बरं." त्यांनी तळहात विजारीला पुसले. गिअर टाकला.

गाडी पाण्यात शिरली आणि फटाकडी किंचाळलीच. पाणी दोन्ही बाजूंनी पंखासारखं उसळलं. काचेवर चिखलाचे शिंतोडे उडाले. "घुसली! घुसली!" बापलेक खिडक्यांतून अर्धी बाहेर निघून मागे फाटत जाणारी लाट बघत होती. सूनबाईचा आनंद घशाशी येऊन ठेपला होता. तिने तोंडावर हात दाबून धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

झाड जवळ आलं.

आता बाबा वळवतील, तिला वाटलं. झाड आणखी जवळ आलं. त्याच्या फांदीवरचे बगळे उडाले. बुंध्याशी काळंशार पाणी गरगरत होतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. मान पुढे ताणलेली, बोटं चाकावर पांढरी पडलेली, आणि चाक सरळच्या सरळ.

खड्ड्यात गेली सीट!

"उजवीकडे! बाबा, उजवीकडे!"

शब्द पुरा व्हायच्या आत चाक फिरलं. गाडी झुकली, घसरली, पुन्हा तोलली. मग तिचा बांधच फुटला. "अजून थोडं! बास, आता सरळ! पुढे मोठा दगड, डाव्या अंगाने... आली, आली, वाळू आली! चढवा!"

इंजिन गुरगुरलं आणि गाडी धो धो पाणी गाळत काठावर चढली. फटाकडी दार उघडून वाळूत उडी मारून नाचू लागली. "आई हरली! पुढची सीट गेली!"

नवऱ्याने खाली उतरून ऐटीत पुढचं दार उघडलं. "उतरा बाईसाहेब. राहवलं नाही ना?"

ती खाली उतरली. मान वर करवेना. "बाबा, माफ करा हं," ती पुटपुटली. "सवयच लागलीय मेली."

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. बोनेटला हात लावत लावत ते गाडीला वळसा घालून आले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरवल्यासारखं हसू होतं. त्यांनी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली, तिची बोटं मिटवली, आणि मागचं दार चाचपून उघडून वळकट्यांच्या अडचणीत जाऊन बसले.

"बाबा, अहो हे काय?" नवरा गोंधळला. "गाडी ही चालवणार?"

"गेल्या सुट्टीपासून डोळे तिचेच होते रे," ते म्हणाले. "आता हातही तिचेच असू देत."