कान तुटलेला कप

“आता सांगतो ते कुणाला पटायचं न्हाई!” घोडेगावच्या बाजारात बैलांचा दलाल बन्सी सदरा सावरत म्हणाला. “मारक्या खोंडानं शिंग घातलं आन् माझी मुताची पिशवी लिंबाच्या शेंड्याला टांगली! पुण्याच्या डागदरनं आधी पोटावर शाईची फुली मारली, इकलेल्या बैलाला गुलाल लावावा तशी! मग तिथंच भोक पाडून ही रबरी पिशवी बांधली.” माणसं हसत जवळ सरकली. ऑपरेशनानंतर रोग लागेल या भीतीनं त्याच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप ठेवणाऱ्या हॉटेलवाल्यानंही आज चांगला कप पुढं केला. बन्सीला तेच तर हवं होतं, तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंगाला मान, आणि दुखण्याला फुटका कप? “खोटं!” मागून बायको गोजरबाई कडाडली. “कॅन्सर झाल्ता ह्यांना. ती पिशवी रोज मी धुते, मला न्हाई झाला! वत आता ह्याच चांगल्या कपात चहा!” ती हॉटेलवाल्याला म्हणाली.