बिनकुलपाचं दार

"फासा टाक," नवरा म्हणाला.

वीस बाजूंचा तो फासा तिच्या मुठीत होता. टेबलावर नकाशा पसरलेला, नकाशावर किल्ला, किल्ल्यात बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक. समोर नवरा, या खेळाचा सूत्रधार. गोष्ट तो सांगणार, बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन काय करायचं ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार: आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. तिच्या एका बाजूला दातांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला दाढीवाला, दोघेही नवऱ्याचे मित्र. चौथा गडी तापाने घरी पडला होता, म्हणून त्याच्या खुर्चीत ती. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"हिला खेळवायचं?" नवऱ्याने सुरुवातीलाच नाक मुरडलं होतं. "हिला परी आणि चेटकीण यातला फरक तरी कळतो का?"

"कळतो की. लग्नाच्या वेळी परी होते. पुढचं तू बघतोच आहेस."

डॉक्टर खो खो हसला होता. नवरा हसला नव्हता.

'मी गीक आहे', म्हणजे असल्या खेळांचा वेडा, असं तो छाती काढून सांगायचा, जणू कुणी पदवीच दिली होती. असेना का! पण त्या गीकपणाला घर पुरत नव्हतं. तिच्या आरशापुढे रंगाच्या बाटल्या, कपड्यांच्या कपाटात रंगवलेले खेळण्यातले ड्रॅगन, आणि जेवणाच्या टेबलावर हा किल्ला. त्यामुळे जेवायचं ओट्यापाशी, उभ्याने. ती कान तपासायचं काम करायची. दिवसभर परक्यांना ऐकू येतंय का ते बघायचं आणि घरी येऊन भिंतीशी बोलायचं, असा तिचा संसार.

आता दूरच्या शहरात नवं केंद्र निघत होतं. तिथली प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं. हो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत इथल्या मॅडमना कळवायचं होतं. आठवडाभर ती विषय काढत होती. आधी तो म्हणाला, "आत्ता नको, ड्रॅगनचा रंग वाळतोय." मग म्हणाला, "एवढी कपाटं घेऊन मी कुठे येऊ? आणि तू एकटी राहणार? साधा वायफायचा राउटर चालू करता येत नाही तुला. विषय संपला." एकही वाक्य त्याने तिला पुरं करू दिलं नव्हतं.

पण या टेबलावर एक नियम होता आणि तो त्यानेच घातला होता. ज्याची पाळी, त्याचं तोंड. त्याचं बोलणं कुणी मध्येच तोडायचं नाही. म्हणून तर ती या खुर्चीत येऊन बसली होती.

"तू किल्ल्यातली स्वयंपाकीण," तो म्हणाला होता. "तेवढंच जमेल तुला. बोल, काय करतेस?"

"स्वयंपाकीण पळी खाली ठेवते आणि किल्ला सोडून जाते."

डॉक्टरचा कप ओठापाशीच राहिला.

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"दुसऱ्या शहरात. तिथे तिला काम मिळालंय. चांगलं काम. तिला ते हवंय. खूप हवंय."

नवऱ्याची मान लाल झाली, पण पाळी तिची होती. तो दातओठ खात ऐकत राहिला. एवढं सलग ती त्याच्यापुढे कधी बोलली होती, तिला आठवेना.

"बाहेर वादळ आहे," तो म्हणाला.

"भिजेन."

"जंगलात लांडगे आहेत."

"लांडग्यांची सवय आहे मला."

"समोर दार आहे."

"उघडते."

"फासा टाक!"

तिने टाकला. फासा किल्ल्याच्या भिंतीला आपटून थांबला. दोन.

"दोन!" नवऱ्याने टाळी वाजवली. "दार उघडत नाही. स्वयंपाकीण परत चुलीपाशी. विषय संपला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्यापेक्षा तिला स्वतःचाच राग आला. काय मेलं बोराएवढं प्लास्टिक, आणि त्यावर आपण रडतोय!

"एक मिनिट," दाढीवाला म्हणाला. "दाराला कुलूप आहे असं तू सांगितलंस?"

"नाही, पण..."

"पहारा?"

"नाही."

"मग फासा कशाला मागितलास? कुलूप नसलेलं दार नुसतं ढकलायचं असतं. तूच आमच्यावर ओरडतोस ना, सोप्या गोष्टीला फासा टाकू नका म्हणून?"

दाढीवाल्याला तिची दया आली होती असं मुळीच नाही. समोर कुणी रडलं तर त्याला चालायचं, नियम मोडलेला चालायचा नाही.

"बरोबर आहे," डॉक्टर हळूच म्हणाला.

"मी सूत्रधार आहे! मी म्हणेन ते..." नवरा तावातावाने बोलतच राहिला. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. मागे घराचं दार होतं. खाली तिच्या चपला, वर खुंटीला तिची पर्स. आठवडाभर ती त्या दारापुढे हात जोडून उभी होती. त्याला कुलूप कुणी घातलं होतं?

ती उठली. पर्स काढली, चपला घातल्या, तिथेच उभं राहून फोन लावला.

"मॅडम, नव्या केंद्राला माझा होकार. हो, नक्की. आत्ताच भेटायला निघते."

नवरा ताडकन उठला. त्याच्या धक्क्याने किल्ला आडवा झाला आणि सैनिक फरशीवर घरंगळले.

"कुणाला विचारून सांगितलंस?"

तिने दार ढकललं.

"कुलूप नसलं की विचारायचं नसतं," ती म्हणाली. "तुझाच नियम आहे."