पुन्हा पहिल्यापासून

“क झ्यूस ऊव्हेर, क त्यूस ऊव्हेर, किल यू ऊव्हेर...”

मनीषनगरातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कामिनी मोठ्याने फ्रेंच पाठ करत होती, आणि तिचे सासरे महादेवराव आरामखुर्चीत डोळे मिटून मान हलवत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माणसाची सारी हयात शाळेत पाढे घोकून घेण्यात गेलेली. पाठांतर खणखणीत चाललंय एवढं कानावर पडलं की त्यांना बरं वाटायचं. नियम शाळेतलेच, आता सुनेला लावलेले. अभ्यास मोठ्याने करायचा. एकदा अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि कच्चं लेकरू परीक्षेला बसवायचं नाही.

ही फ्रेंचची परीक्षा पास झाली की कामिनीचं तिकीट निघणार होतं. तिचा नवरा सुशील कॅनडात होता आणि त्याच्या शहरात फ्रेंच चालायचं. लग्नानंतर तो महिनाभर इथे राहिला. बाहेर पडताना तिचा फोन खिशात टाकायचा आणि बेडरूमला बाहेरून कडी घालून जायचा. “गंमत हो बाबा,” म्हणायचा, आणि महादेवरावही हसायचे. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला की सासूबाई, मनकर्णाबाई, येऊन कडी काढायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. तो परत यायच्या आत पुन्हा घालून ठेवायच्या. तिकडे कडी काढायला कोण येणार होतं? कामिनीने माहेरी फोन करून सांगून पाहिलं. आई म्हणाली, “जीव हाये वं त्याचा तुह्यावर.”

मग तिने फ्रेंच क्रियापदाचा हा काळ शोधून काढला. परीक्षेपुरतं फ्रेंच तिला दिवाळीतच आलं होतं. पण संशयार्थाचा पूर्णभूत म्हणून एक प्रकार असतो, जुन्या पुस्तकांत पडून राहिलेला. परीक्षेत तो कोणी विचारत नाही, बाजारात कोणी बोलत नाही. क्रियापदं मात्र ढीगभर, प्रत्येकाची सहा रूपं. रोज एक धरायचं, पाच रूपं नीट म्हणायची आणि सहाव्याला अडखळायचं. “कच्चं हाये अजून,” महादेवराव म्हणायचे, आणि परीक्षा पुढे जायची. आज तिने ‘उघडणे’ धरलं होतं.

पण आज सोफ्यावर गार्गी बसली होती. सुशीलच्या मित्राची बायको, राहायला तिकडेच, भावाच्या लग्नासाठी रामदासपेठेत माहेरी आलेली. महादेवरावांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. “पाह्य बरं पोरी, कितीक तयारी झाली हिची.”

जाणत्या माणसासमोर खोटं अडखळायची कामिनीची छाती झाली नाही. सहाही रूपं ती एका दमात, बिनचूक म्हणून गेली.

गार्गी हसायलाच लागली. “काका, हे काय पाठ करून राहिली ही? असं तिकडे कोणीच नाही बोलत. मला स्वतःला नाही येत! जिला हे येतं तिची परीक्षा आरामात निघते. बसवून टाका.”

महादेवराव खुर्चीत ताठ झाले. “म्हणजे पक्की झाली म्हण की!”

“एकदम.”

“मंग आताच सुशीलले फोन लावतो. पोरगं एकटंच राहून राहिलं तिकडे.” ते चष्मा चाचपू लागले.

कामिनी जागची हलली नाही. तिथून बेडरूमचं दार दिसत होतं, दाराबाहेरची कडी दिसत होती. सगळं सांगून टाकावं, आत्ताच्या आत्ता, असं तिला फार वाटलं. पण माहेरी सांगून काय झालं ते आठवलं. शहाणपणा करायला गेली आणि स्वतःच्याच हाताने अडकून बसली.

मनकर्णाबाई खाली चटईवर मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अडखळली नं ते.”

“कोण?” महादेवरावांनी विचारलं.

“कामिनी. शेवटाले.”

“नाही काकू,” गार्गी म्हणाली, “मी ऐकलं ना, एकदम बरोबर...”

“तू पोहे खाय वं माय, थंडे होऊन राहिले.” मनकर्णाबाई नवऱ्याकडे वळल्या. “मी रोज इथंच बसून ऐकते. पाच बरोबर जातात, सहाव्याले अडकते. आजही अडकली. तुमचं ध्यान पाहुणीकडे होतं. नियम तुमचाच हाये नं?”

नंबर लावता लावता महादेवरावांचा हात थांबला. नियम त्यांचाच होता. आणि बायकोने आजवर कधी त्यांच्या पाठांतराच्या कारभारात तोंड घातलं नव्हतं. त्यांनी गार्गीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि नाइलाजाने फोन मांडीवर ठेवला.

“म्हण बेटा,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”

कामिनीने सुरुवात केली. पहिली पाच रूपं धडाधड गेली. सहाव्यापाशी आली आणि तिने सासूबाईंकडे पाहिलं. मनकर्णाबाईंची बोटं मेथीच्या काडीवर थांबली होती.

“किल्झ... किल...” कामिनी अडखळली.

गार्गीने काही बोलायला तोंड उघडलं. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, आणि पोह्याचा घास तोंडात घातला.

“पाह्यलं?” मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि त्या काडीची पानं खुडू लागल्या. “कच्ची हाये अजून. यंदा राहू द्या.”