दुसरा डबा

पालथ्या घातलेल्या लोखंडी होडीला ताईने बोट लावलं, तर बोटाला रंग आला. काल दुपारी मारलेला रंग आज सकाळीही ओलाच होता.

थंडी आहे, तिने मनाशी म्हटलं. रंग वाळून घट्ट व्हावा म्हणून त्यात मिसळायचं हे हार्डनर मुळातच सावकाश धरतं. तेलापासून बनवलेलं, मधासारखं दाट. थंडीत त्याला आणखी आळस चढतो. पण एकदा धरलं की लाटांचे धक्के खाऊन पत्रा लवला तरी रंगाला चीर जात नाही. म्हणून तर होडीवाले लांबून या शेडमध्ये येत.

तिने आणखी दोन-चार ठिकाणी बोट टेकवून पाहिलं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली आणि तिथेच अडकली. हार्डनरचा डबा जागच्या जागी होता. कारखान्यातून आला तसाच, झाकणावरची पट्टीसुद्धा शाबूत.

तो डबा तिचा नव्हता. बाबांनी शिस्तच घालून दिली होती: रंग एकाने ओतायचा, हार्डनर दुसऱ्याने, आणि ओतलं की मोठ्याने सांगायचं. ती म्हणायची, 'घातलं.' धाकटा भाऊ पिंपाच्या पलीकडून म्हणायचा, 'माझंही.' मगच ढवळायची काठी फिरायची. इतक्या वर्षांत तिच्या हातांना एकच डबा ठाऊक झाला होता. काल ती एकटी होती. तिने आपला डबा ओतला, 'घातलं' म्हणाली आणि उत्तराला न थांबता ढवळायला लागली. खरं तर काल तिला उत्तर नकोच होतं. लावण्याआधी मिश्रण अर्धा तास मुरू द्यायचं असतं. तेही तिने इमानेइतबारे मुरू दिलं आणि तेवढा वेळ खोक्यावर बसून भावाच्या नावाने बोटं मोडली. पुढे रंग कमी पडला, तर त्याचंही खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं. जाता जाता गाढवाला अंदाजही धड घेता आला नाही म्हणे.

परवा असंच मिश्रण मुरत असताना त्याने विचारलं होतं. दूरच्या गोदीत त्याला नोकरी मिळत होती.

"मी गेलो तर तुझं अडेल का ताई? खरं सांग. अडत असेल तर नाही जात मी."

जायचं याच्या मनात आलंच कसं, याचंच तिला इतकं लागलं की तिने मागचापुढचा विचार केला नाही. "तुझ्यावाचून इथं कुणाचं अडलंय?" ती म्हणाली होती.

शेडचं दार करकरलं. धाकटा आत आला. खांद्यावर बॅग, पायात नवे बूट.

"किल्ली राहिली होती माझ्याकडे."

"ठेव तिथं."

ती सरकून कोपऱ्यातल्या डब्यासमोर उभी राहिली. त्याने किल्ली खिळ्याला अडकवली आणि सवयीने होडीवर हात टेकला. हात वर घेतला, बोटं चोळली, नाकाशी नेली. हार्डनरला मासळीसारखा एक वास असतो, दोनदा साबण लावला तरी न जाणारा. त्या वासापायी आई त्याला ताटावरून उठवून पुन्हा हात धुवायला पिटाळायची. आज त्याच्या बोटांना तो वास नव्हता.

"वाळला नाही अजून?"

"थंडी आहे. वाळेल दुपारपर्यंत."

त्याने तिच्या खांद्यावरून कोपऱ्यात पाहिलं. एरवी तो पोट धरून हसला असता आणि आठवडाभर तिची टर उडवली असती. आज हसला नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "अडतंय का काही?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो. तो शब्द अगदी तिच्या ओठांवर आला. ती हो म्हणाली असती तर त्याने बॅग खाली टाकली असती, बूट काढले असते आणि पत्ती घेऊन तिच्या शेजारी रंग खरवडायला लागला असता. हे तिला लख्ख माहीत होतं. पण परवा एवढ्या तोऱ्यात बोलून आज त्याच्याचसमोर असं तोंडावर आपटायचं, हे काही तिला जमेना.

"बस चुकेल तुझी," ती म्हणाली.

त्याने फळीवरचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, कोपऱ्यात जाऊन पट्टी तोडली, डब्याचं झाकण चारी बाजूंनी उचकटलं आणि पुन्हा अलगद वर ठेवलं.

"याचं झाकण फार घट्ट असतं. तुझा अंगठा दुखतो," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

नव्या बुटांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. आवाज विरला तेव्हा ती दाराकडे धावली, पण रस्त्यावर कुणी नव्हतं. आपण फार वाईट वागलो, परवाही आणि आजही. ती दाराला धरून रडली. मग पदराने डोळे पुसून तिने पत्ती हातात घेतली.

अख्खी होडी खरवडून, पुसून लख्ख करेपर्यंत दुपार कलली. तिने नवा रंग पिंपात ओतला.

"घातलं," ती म्हणाली.

शेडमध्ये कुणीच काही बोललं नाही. या वेळी तिने काठीला हात लावला नाही. वळसा घालून ती पिंपाच्या पलीकडे गेली आणि दुसरा डबा उचलून तिरका केला. दाट, पिवळी धार सावकाश उतरू लागली. हा डबा घाई केली तर रिकामा होत नाही, धरून ठेवावा लागतो. धाकट्याला त्याची सवय होती. तिचे हात भरून आले, तरी शेवटचा थेंब पडेपर्यंत तिने तो धरून ठेवला.

"माझंही," ती म्हणाली.