दोन विंग, दोन मॉनिटर

सोसायटीच्या हॉलमध्ये दोन मॉनिटर एकमेकांकडे पाठ करून ठेवले होते. एकासमोर अ विंग बसली होती, दुसऱ्यासमोर ब विंग. पाण्याच्या टाकीवरून भांडण झाल्यापासून दोन्ही विंग एकत्र बसत नव्हत्या, म्हणून बिल्डरने नव्या इमारतीचं प्रेझेंटेशनही वेगवेगळं लावलं होतं.

सुरुवातीला दोन्हीकडे एकच आराखडा होता. सॉफ्टवेअर समोरचे चेहरे वाचत होतं आणि जे पाहून ते खुलतील, तसा आराखडा बदलत होतं. स्वयंपाकघर मोठं झालं तेव्हा अ विंगच्या उकिडवेबाईंनी जांभई दिली. ब विंगची बाल्कनी गेली तेव्हा त्या सरसावून बसल्या. मग ब विंगचं पार्किंग गेलं. शेवटी त्यांची लिफ्ट गेली, तेव्हा टाळ्या पडल्या. पलीकडच्या मॉनिटरसमोरही टाळ्या पडत होत्या.

"दोन्ही विंगची मंजुरी मिळाली," बिल्डरची इंजिनिअर शाल्मली म्हणाली आणि तिने दोन्हीकडचे बदल एकत्र केले. नवा आराखडा आता सगळ्यांना सारखाच दिसू लागला. सात मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट कुठेच नव्हती.

नव्या इमारतीत उकिडवेबाईंचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. त्यांनी काठी जवळ ओढली. "आमची लिफ्ट कुठे गेली?"

"ती ब विंगने काढली. परत घालता येईल, पण मग दोन्ही विंगना द्यावी लागेल."

"त्यांनाही?"

"हो."

"मग राहू दे."

टाकीच्या भांडणानंतर पहिल्यांदाच ब विंगमधून त्यांना कोणी विरोध केला नाही.