कोरडा गज

जुन्या नाट्यगृहाचा पडदा उघडायला आला, तसा व्हायोलिनवृंदाच्या संचालकाने म्हाताऱ्या मास्तरांच्या थरथरत्या हातात नवा गज ठेवला. “मास्तर, तुमच्या गजाचेही केस झडलेत की! आज हा घ्या.” शिष्याची काळजी पाहून मास्तर सुखावले. पण वादन सुरू झालं आणि कळलं, गजाला राळच लावलेली नाही; तो तारांवरून नुसता घसरतोय, आवाज काही निघत नाही. युक्ती मास्तरांचीच. बेसूर पोरांना ते असाच गज द्यायचे. पोर रंगमंचावर दिसलं की आईबाप खूश, सूरही शाबूत. संचालकही लहानपणी त्यांतलाच एक होता. आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तर सगळ्यांबरोबर मुकाट गज ओढत राहिले. टाळ्यांनंतर सवयीने व्हायोलिन पुसलं. फडक्यावर राळेची भुकटी नव्हती. दर कार्यक्रमानंतर चुका मोजून दाखवणारी बायको डोळे टिपत आली. “अहो, आज एकदाही चुकला नाहीत!”