डबीचा निरोप

प्रेमराज वॉर्डात शिरला तो तणतणतच. सुरतेहून धुळ्यापर्यंत उभ्यानं आला होता, आणि दारातच डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की क्षयाचा आजार आता औषधाला दाद देत नाही. "मधूनमधून गोळ्या बुडवल्या त्यांनी. आता आमच्या हातात फारसं काही नाही."

खाटेवर कौतिक आबा होते. म्हणजे आबांचं जेवढं उरलं होतं तेवढं. लेकाला बघून मास्कच्या वर म्हाताऱ्याचे डोळे असे हसले, की प्रेमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कमी काय पडलं होतं? गोळ्या फुकट. वर सरकारी दवाखान्यातल्या दिपमाला सिस्टरनं गोळ्यांची ती डबी घरी आणून दिलेली. वेळ झाली की डबी वाजायची. झाकण उघडलं की दवाखान्यात कळायचं, आबांनी गोळी घेतली. नाही उघडलं, तर प्रेमराजच्या मोबाइलवर निरोप यायचा. आई गेल्यापासून आबा एकटेच, म्हणून सिस्टरनं मुलाचा नंबर टाकला होता.

निरोप आला की प्रेमराज लूमच्या खडखडाटातून बाहेर यायचा आणि चोपड्याजवळच्या त्या खेड्यात फोन लावून म्हाताऱ्याला फैलावर घ्यायचा. आबा मात्र मजेत. "हा भाऊ, लेस ना आते," म्हणायचे, आणि तू काय जेवला, पोर शाळेत जाते का, तिकडं पाऊस आहे का, असलं काहीबाही काढत बसायचे. "पहिले गोळी खा," असं दरडावून तो फोन ठेवायचा. निरोप नसला की घरी सगळं ठीक, असं धरून तो बिनघोर आपल्या कामाला लागायचा. पोट हातावर असलेल्या माणसाला आणखी काय सुचणार?

खाटेपाशी शेजारचे चुडामण नाना बसले होते. त्यांनीच आबांना इथवर आणलं होतं. ते प्रेमराजला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्याले बोलू नको रे. गोळीनी येळ टळनी का तो आंग धोईसन, टोपी घालीसन ओटावर बशी राहे. मोबाइल हातमा. तठून हाले नही."

म्हाताऱ्याला चळ लागला होता म्हणायचा, प्रेमराजला वाटलं. आणि ते आपल्याला कुणी कळवलंही नाही.

तो खाटेवर वाकला. चांगलं खडसावायचं ठरवून आला होता, पण तोंडून निघाला तो रडवेला सवाल. "आबा, डबी कानजोडे वाजे ना? मी एवढं सांगू ना? मंग गोळ्या काबरं नही खाद्यात? जीव नकोसा व्हयना व्हता का?"

आबांना बोलायलाही धाप लागत होती. त्यांनी लेकाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि जरा ओशाळून म्हणाले,

"नही रे भाऊ. गोळी खादी का मंग तुना फोन येत नही."